माठ, हातमोजा आणि आठ अक्षरं: विज्ञानाच्या माणसाने मिश्कील पद्य लिहायला कसं शिकावं

चार ओळींचं मिश्कील पद्य लिहायचं तर माणूस आधी कवी हवा, असं आपल्याकडे धरून चालतात. मला तसं वाटत नाही. ज्याला व्हर्नियर कॅलिपर नीट वाचता येतो, ठिबकची नळी नेमकी कुठे चोंदली ते वाकून शोधता येतं, किंवा केळीच्या घडांचं वजन करताना काट्यावरून नजर न हटवण्याची सवय आहे, त्याला हे काम कवीपेक्षा लवकर जमतं. हा लेख अशांसाठी आहे: जळगाव-धुळे-नंदुरबारच्या कॉलेजांतली विज्ञानाची पोरं, शाळांमधले गणिताचे सर आणि मॅडम, दीपनगरच्या वीजकेंद्रात पाळी करून घरी येणारे इंजिनिअर. कविता आवडते, पण आपली कविता लोकांनी ऐकावी की नाही याबद्दल शंका आहे, असे सगळे.

आधी दोन माणसांची ओळख करून घ्या, म्हणजे आपण कुठल्या घराण्यातले ते कळेल.

पहिले पीट हाइन. जन्म १६ डिसेंबर १९०५, डेन्मार्कमधलं कोपनहेगन; मृत्यू १९९६. भौतिकशास्त्र शिकलेले, गणिताचं वेड, शोध लावायची खोड. भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांचं पुंजयामिकीवरचं (क्वांटम मेकॅनिक्सवरचं) व्याख्यान ऐकता ऐकता त्यांना एका कोड्याची कल्पना सुचली: लहान घनांपासून बनवलेले सात वेडेवाकडे तुकडे, जे जोडून एक मोठा घन होतो. एक तुकडा तीन घनांचा, बाकी सहा चार-चार घनांचे, मिळून सत्तावीस. हाच सोमा क्यूब. (वर्गात लक्ष नसणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा दाखला सरांना देऊ नये. हाइन यांचं लक्ष व्याख्यानातच होतं.) हेक्स हा षट्कोनी घरांच्या पटावरचा खेळही त्यांचा, १९४२ चा. त्यात बरोबरी होऊच शकत नाही.

त्यांचं मला सर्वांत आवडणारं काम स्टॉकहोममधलं. तिथे सेर्गेल्स टॉर्ग नावाचा मोठा चौक बांधायचा होता. आयताकृती केला तर कोपऱ्यांवर वाहनं अडणार, लंबवर्तुळ केलं तर टोकं निमुळती होऊन जागा वाया जाणार. हाइन यांनी लंबवर्तुळाचं समीकरण घेतलं आणि घातांक २ च्या जागी २.५ ठेवला. चौकोनही नाही आणि गोलही नाही, असा एक देखणा आकार मिळाला. हा अर्धा घातांक ध्यानात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

९ एप्रिल १९४० ला जर्मन फौजा डेन्मार्कमध्ये शिरल्या. त्याच वर्षी 'पोलिटिकेन' या दैनिकात 'कुंबेल' या टोपणनावाने हाइन यांची छोटी पद्यं यायला लागली. त्यांना ते ग्रूक म्हणत. सोबत स्वतःच काढलेलं साधं रेखाचित्र. त्यातलं सर्वांत गाजलेलं पद्य हातमोज्यावरचं आहे. एक हातमोजा हरवला तर वाईट वाटतंच; पण एक हरवला म्हणून दुसरा फेकून द्यावा आणि मग पहिला सापडावा, त्या दुःखाला तोड नाही, एवढाच त्याचा आशय. पद्यात जर्मन नाहीत, रणगाडे नाहीत, देश हा शब्दसुद्धा नाही. सेन्सॉरने काय खोडायचं? लोकांना मात्र कळलं की स्वातंत्र्य गेलं आहे, आता उरलेला स्वाभिमान तरी फेकू नका, कारण गेलेलं परत येऊ शकतं. पुढे हाइन यांनी अशी हजारो पद्यं लिहिली, काही स्वतःच इंग्रजीतही केली.

दुसरे गणिती भास्कराचार्य. ते आपल्या जळगाव जिल्ह्यात भेटतात. चाळीसगावजवळ पाटणादेवीला कधी ना कधी तुमची सहल गेलेली असणार. डोंगर, धबधबा, माकडं आणि डबे बघून आपण परत येतो. तिथल्या देवळात तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातला राजा सोइदेव याने त्यासाठी दान दिलं, असं त्यात कोरलं आहे. म्हणजे गणिताच्या अभ्यासाची व्यवस्था खानदेशात आठशे वर्षांपूर्वी लागली होती.

त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली ती श्लोकांत. त्यातलं भुंग्यांचं गणित बघा. थव्यातले एकपंचमांश भुंगे कदंबावर गेले, एकतृतीयांश शिलिंध्रावर, या दोन्हींतल्या फरकाच्या तिप्पट कुटजावर. एक उरला तो केतकी आणि मालती या दोघींच्या वासाने वेडा होऊन हवेतच घिरट्या घालतोय. तर भुंगे किती? पंधरा: तीन, पाच, सहा आणि तो बिचारा एक. समीकरण सुटायला तो एकटा भुंगा हवाच, आणि हसू येतं तेही त्याच्यामुळेच. गणितातला उरलेला एक आणि गोष्टीतला गोंधळलेला एक, दोघं एकच आहेत.

या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. गंमत बाहेरून आणून शेवटी चिकटवायची नसते. ती निरीक्षणातच असते. आपण फक्त आजूबाजूचं खरडून काढायचं. आता कामाला लागू.

वस्तू धरा, भावना नंतर

पहिल्या दिवशी मन, प्रेम, जीवन, आयुष्य, पाऊस आणि चंद्र या सहा गोष्टींना हात लावू नका. एक वस्तू निवडा जी तुम्ही रोज बघता आणि जिच्याबद्दल तुम्हाला काहीतरी नक्की माहीत आहे. मी माठ घेतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा घरातली खरी सत्ता त्याच्याच हाती असते.

आता कागदावर माठाबद्दल जे जे खरं आहे ते लिहा. यमक नको, अलंकार नको, प्रयोगवहीत लिहितो तसं लिहा. माठ सच्छिद्र असतो. पाणी झिरपून बाहेर येतं. बाहेरच्या कोरड्या हवेत त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते, ती आतल्या पाण्यातून ओढली जाते, म्हणून पाणी गार होतं. हवा दमट असेल तर वाफ कमी, गारवा कमी. म्हणून कोकणात माठाची एवढी मिजास चालत नाही आणि आपल्याकडेही जुलैत त्याला कोणी विचारत नाही. जुन्या माठाची छिद्रं पाण्यातल्या क्षारांनी बुजतात आणि तो गार करेनासा होतो.

यादी झाली की प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न लिहा: हे माणसांत कुठे दिसतं? बहुतेक वाक्यांपुढे काहीच सुचणार नाही, ती सोडून द्या. एखादं वाक्य मात्र थबकवतं. 'बाहेर ओला म्हणून आत गार' या वाक्याने मला थबकवलं, कारण माणसं नेमकं उलटं करतात.

शेवटची ओळ आधी

नवशिक्याचं पद्य साधारण असं होतं:

आमचा माठ किती छान
देतो सर्वांना थंड पाणी
आपणही माठासारखे व्हावे
हीच शिकवण ठेवा मनी

यात खोटं काही नाही, आणि दुखणं तेच आहे. पहिल्या ओळीत कौतुक, तिसऱ्या ओळीत उपदेश, चौथ्या ओळीत उपदेशाची पावती. वाचणाऱ्याला करायला काही उरलंच नाही. शिवाय ओळींची लांबी वाटेल तशी, म्हणजे मोठ्याने वाचताना जीभ अडखळते.

उलट्या टोकाने सुरू करा. जिथे वाचणारा हसला पाहिजे ती ओळ आधी लिहा, मग तिच्यापर्यंत कसं पोचायचं ते ठरवा. माठ आत गार आणि बाहेर ओला; माणूस आत तापलेला आणि बाहेर? बाहेर पावडर. झालं, चौथी ओळ मिळाली.

माठ बाहेरून ओला,
म्हणून पोटात गार;
आम्ही आतून तापतो,
वर पावडर फार.

'आपण घाम गाळावा' किंवा 'रागाला वाट द्यावी' असं यात कुठे म्हटलेलं नाही. ते वाचणाऱ्याच्या डोक्यात उमटतं आणि त्याला वाटतं की ते त्यालाच सुचलं. हाच तो अर्धा घातांक. विधान पूर्ण गोल करू नका, टोकदारही ठेवू नका.

त्याच यादीतल्या बुजलेल्या छिद्रांवरून आणखी एक निघालं:

छिद्रं बुजली क्षारांनी,
माठ राहिला नावाला;
जुना सभासद जणू
मंडळाच्या कोपऱ्याला.

हे पहिल्याइतकं चांगलं नाही. 'जणू' आलं तिथेच ते सैल पडलं, कारण उपमा उघडी करून दाखवावी लागली. तरी ठेवलं आहे, फरक दिसावा म्हणून.

माप: आठ अक्षरं

इथे बहुतेक जण कंटाळतात, आणि इथेच विज्ञानाच्या माणसाचं फावतं. संस्कृत वृत्तांच्या वाटेला आत्ता जाऊ नका. मात्रावृत्तंही नंतर. आपल्या कानात जन्मापासून बसलेलं माप म्हणजे आठ अक्षरांची ओळ. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या शाळेत पाठ केल्यात ना? बोटांवर मोजून बघा, ओळीला आठ अक्षरं मिळतील. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी जात्यावर आणि शेतात रचलेल्या ओळी मापात चोख आहेत. माप कानाला कळतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

मोजायची रीत सोपी. लिहिलेलं प्रत्येक पूर्ण अक्षर एक. जोडाक्षरही एकच: 'म्हणून' तीन, 'त्याच्या' दोन, 'शास्त्र' दोन. अनुस्वाराला वेगळा हिशेब नाही. 'पावडर' आपण दोन तुकड्यांत बोलतो, पण लिहिताना चार अक्षरं आहेत, म्हणून चार. आता 'वर पावडर फार' मोजा: दोन, चार, दोन. बरोबर.

यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीला पुरतं. चारही ओळींना यमक लावायला गेलात तर लग्नपत्रिका होते.

अक्षर जास्त झालं तर आधी विशेषणं काढा, मग 'खूप', 'अगदी', 'तर', 'मात्र'. तरीही बसत नसेल तर मुद्दा दोन पद्यांचा आहे, एका पद्यात कोंबू नका. अक्षर कमी पडलं तर 'हो', 'रे', 'की' यांची भरती करायचा मोह होतो. 'की' कधी कधी खपतो, 'हो' बहुधा नाही. अहिराणीत लिहिणाऱ्यांना एक सवलत आहे: प्रमाण मराठीत 'आहे' दोन अक्षरं खातं, अहिराणीत 'शे' एकात भागतं. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलत असाल तर त्यातच लिहा. पण घरात बोलत नसाल तर गंमत म्हणून बोली वापरू नका. ऐकणाऱ्याला ती आपली टिंगल वाटते आणि ते बरोबरच आहे.

शास्त्र तपासा

पद्य जमलं की पुन्हा प्रयोगवहीकडे जा. विनोदासाठी वस्तुस्थिती वाकवली असेल तर ते पद्य टाकून द्या. 'बाहेरून ओला म्हणून गार' हे खरं आहे. 'मातीच्या मायेने गार' लिहिलं असतं तर ते गोड झालं असतं आणि खोटं. गोड आणि खोटं लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, तुमची भर नको.

विचाराचंही शास्त्र असतं. 'आजवर घडलं म्हणून उद्याही घडेल' हा तर्क विज्ञान रोज वापरतं आणि रोज त्याच्यावर संशयही घेतं. यावर व्याख्यान देता येईल, किंवा भुसावळ जंक्शनवर उभं राहता येईल:

गाडी रोजच उशिरा,
मीही तसाच निघालो;
आज वेळेवर गेली,
नियमाने मी बुडालो.

हाइन यांचं एक पद्य असंच विचारपद्धतीवर आहे. शहाणपणाचा रस्ता कोणता, तर चुका, पुन्हा चुका, पण दर वेळी थोडं कमी चुका. ज्यांनी क्रमाक्रमाने उत्तराजवळ सरकत जायची अंकगणिती पद्धत वापरली आहे त्यांना हे पद्य नसून सूत्र आहे असं वाटेल, आणि ते दोन्ही आहे.

नाव घेऊ नका

वर्तमानपत्रातली वात्रटिका आजच्या बातमीवर असते, तिला पुढारी लागतो, पक्ष लागतो, आणि आठवड्यात ती शिळी होते. तो एक स्वतंत्र धंदा आहे, त्याची मजा वेगळी. नेहमीची चारोळी दुसऱ्या टोकाला, तिला उसासे लागतात. आपलं पद्य या दोघींच्या मधलं. हातमोज्यात जर्मन नव्हते म्हणून तो हातमोजा अजून टिकला आहे. मात्र हातमोज्याचंच भाषांतर करत बसू नका, आपल्या उन्हाळ्यात हातमोजा कोण घालतो? आपला हातमोजा शोधा.

रस्त्यांवर लिहायचं असेल तर नगरसेवकाला शिव्या घालून काही होत नाही. मोजमापाचा एक साधा नियम आठवा: दोन गोष्टींपैकी जी कमी आहे ती मोजावी, काम लवकर होतं.

खड्डे मोजायचे किती?
रस्ता मोजलेला बरा:
चार ठिकाणी आहे तो,
आणि आकडाही खरा.

यात कोणाचं नाव नाही, गाव नाही, त्यामुळे प्रत्येक गावाला ते आपलंच वाटतं.

शीर्षक ही पाचवी ओळ

नवखे लोक शीर्षकात विषय लिहितात: 'माठ', 'रस्ता', 'गाडी'. ती जागा वाया गेली. शीर्षकाकडून काम करून घ्या. हे पद्य आधी शीर्षकाशिवाय वाचा:

पाणी पाटाने सोडलं,
वाटेतच ते जिरलं;
थेंब थेंब दिलं तेव्हा
केळीपर्यंत उरलं.

ठिबक सिंचनाची बरी जाहिरात आहे, कृषी प्रदर्शनाच्या फलकावर चालेल. रावेर-यावलच्या कुठल्याही बागायतदाराला हे तुमच्या आधीपासून माहीत आहे. आता वर शीर्षक लिहा: 'अध्यक्षीय भाषण'. पद्यातलं एकही अक्षर बदललं नाही, पण आता पाणी म्हणजे पाणी नाही आणि केळी म्हणजे मागच्या रांगेत बसलेले तुम्ही-आम्ही. ही युक्ती सारखी वापरली तर लोकांना कळते. जपून वापरा.

चित्र काढता येत असेल तर चार रेघांचं चित्रही काढा. पण पद्यात जे आहे तेच चित्रात नको. माठाच्या पद्याला माठ काढू नका, पावडरचा डबा काढा.

टोचून घ्या

पद्य लिहून झाल्यावर दोन दिवस कुणाला दाखवू नका. मग दोघांना दाखवा: एक ज्याला तो विषय कळतो आणि एक ज्याला कविता अजिबात आवडत नाही. पहिला चूक काढेल, दुसरा कंटाळा दाखवेल. दोन्ही मौल्यवान. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आधी टाकू नका. तिथे लाल बदाम येतात, अंगठे येतात, सुधारणा येत नाही.

आपल्याकडे भरताची मोठी हिरवी-पांढरी वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजतात, तेव्हा त्यांना आधी टोचे मारतात. का? आत वाफ कोंडली की वांगं फुटतं.

टोचलेलं वांगं मुकं
चुलीमध्ये शिजलं की;
ज्याला कुणी न टोचलं
तेच फट्ट फुटलं की!

इथला 'की' खपतो, असं माझं मत. कुणाला नाही पटलं तर ठीक, टोचून घ्यायची तयारी आहेच.

लोकांसमोर म्हणताना

एकदाच म्हणा, सावकाश म्हणा, आणि तोंडावर हसू आणू नका. शीर्षकानंतर श्वासभर थांबा, तिसऱ्या ओळीनंतर अजिबात थांबू नका. तिथे थांबलात की लोक चौथी ओळ ओळखतात. 'यात मला असं म्हणायचं आहे की' हे वाक्य कविसंमेलनांमध्ये फार ऐकू येतं. आपल्या चार ओळींना ते परवडत नाही, कारण खुलासा पद्याहून लांब होतो. कुणी 'पुन्हा एकदा' म्हणालं तर तेच पद्य पुन्हा म्हणा, दुसरं काढू नका. एका बैठकीत तीन पुरे. पाचव्या पद्यापासून ऐकणारा तुमची रीत पकडतो आणि शेवटच्या ओळीची वाट बघायला लागतो.

छापायची घाई नसावी. सुरुवातीला कॉलेजचं भित्तिपत्रक, शाळेचा फळा, गणपती मंडळाचा फलक, कारखान्यातल्या चहाच्या टपरीशेजारचा सूचनाफलक या जागा उत्तम. माणूस उभ्या उभ्या, जाता जाता वाचतो, म्हणजे चार ओळींचीच जागा. आवडलं तर तो थांबतो, नाही तर जातो. याहून प्रामाणिक समीक्षा मिळणार नाही. सरकारी नोकरी असेल तर टोपणनाव घ्या, हाइन यांनीही घेतलं होतं.

पहिल्या सरावासाठी वस्तू सुचवतो: गच्चीवर वाळणारे पापड (वारा सुटला की कडा आधी वळतात), एसटीची न बसणारी खिडकी, दाण्यांचा काटा, जिनिंगमधून बाहेर पडणारी सरकी, आणि आपला डेझर्ट कूलर. कूलरचं निम्मं मीच करून देतो. शास्त्र असं आहे: कूलर हवेत बाष्प सोडतो, खिडकी बंद असेल तर खोली दमट होते, मग ना पाण्याची वाफ होते ना अंगावरचा घाम वाळतो. म्हणून कूलरला उघडी खिडकी लागते, आणि प्रत्येक घरात कोणीतरी ती लावतंच.

कूलर घरात आला,
खिडकी घट्ट लावली;

पुढच्या दोन ओळी तुमच्या. सोळा अक्षरं, चौथ्या ओळीला 'ली'चं यमक, आणि कूलरवाल्याचं नाव घ्यायचं नाही.